दाते काढलेली भिंत

दत्तू, आज पण भिंतीला पाणी मारलं. सकाळी मारलं, सांजेला मारलं. शेजारीपाजारी बघतात आणि तोंड फिरवून हसतात. म्हणतात, लोकं नव्या बांधकामाला पाणी मारतात, आक्का जुन्या भिंतीला आंघोळ घालत बसलीय, भाऊ गेल्यापासून डोकं फिरलंय बाईचं. हसू देत. तू म्हणाला होतास, "आक्का, मी सांगस्तवर पाणी मारत ऱ्हा." आणि सांगायच्या आधीच गेलास. आता बस कर म्हणून सांगणारं कोण आहे मला? मग मी मारते.

एका जागी बसवत नाही रे. बसले की तुझ्याशी भांडण सुरू होतं. मग हंडा उचलते, हापशावर जाते, भरून आणते, तांब्यानं पाणी मारते, परत हंडा उचलते. उन्हाळा लागलाय. मारलेलं पाणी भिंत गटागटा पिते आणि घटकाभरात परत कोरडी ठाक. मला वाटतं, मारलं होतं की नुसतं मनात आलं होतं? परत जाते.

तुझं वय किती होतं, पेठ गावी कुणाच्या कामावर होतास, छातीत कळ कशी आली, जीपमध्ये कुणी घातलं, दवाखान्यापर्यंत कसा पोचलाच नाहीस, हे सगळं गावाला पाठ झालंय. भेटायला आलेल्या प्रत्येक माणसाला कुणी ना कुणी ते पहिल्यापासून सांगायचं आणि मी उठून बाहेर जायची. मला ते नको. मला तुला वेगळंच विचारायचंय. धाकटा भाऊ असून माझ्या आधी जायची एवढी कसली घाई होती, हे तर आहेच. पण त्याच्याही आधी हे सांग, की भिंत अर्धी सोडून कोणी जातं का? तू गवंडी होतास. दुसऱ्या कुणी असं काम सोडलं असतं तर तू त्याची आईमाई काढली असतीस.

तुला आठवतं का, मी सासर सोडून आले ते दिवस? नवऱ्यानं दुसरी केली, मी एक पत्र्याची पेटी घेऊन घोडेगावच्या स्टँडवर उतरले. तू सायकल घेऊन आला होतास. पेटी कॅरेजला बांधलीस आणि म्हणालास, "आक्का, उद्यापासनं कामावर येशील का? बिगारी पळालाय माझा." रडू नको, आम्ही आहोत, असं काही म्हणाला नाहीस. मला लई राग आला होता. आणि सकाळी मी घमेलं उचलून तुझ्यामागे निघाले होते. घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ कशी करायची ते तूच दाखवलंस, जुन्या धोतराची. रडायला वेळच मिळाला नाही त्या सालात, हे खरं. ते तू मुद्दाम केलंस की खरंच तुझा बिगारी पळाला होता, ते मी कधी विचारलं नाही.

त्याच सालात तू तुझं घर बांधायला काढलंस. डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, विटांचं, सिमेंटातलं. पडवी धरून चार खण. त्या घराची वीट अन् वीट मी वाहिलीय. भट्टीवरून ट्रॅक्टर यायचा, विटा उतरायच्या, भिजवायच्या, तुझ्या हाताशी द्यायच्या. तू थर लावायचास, ओळंबा सोडायचास, एक डोळा मिटून बघायचास आणि "आक्का, बघ गं, सरळ हाय का?" म्हणून मलाच विचारायचास. जणू मी वाकडी आहे म्हणाले तर पाडणार होतास. एकदा म्हणाले खरंच वाकडी आहे, तर दिवसभर बोलला नाहीस माझ्याशी.

तुझी एक खोड मात्र मला आयुष्यभर पुरली. अर्धं सांगायची खोड. एका माणसाला कधी पुरतं सांगायचाच नाहीस. वाळू किती ते मला सांगायचं आणि सिमेंट किती ते किसनला, तुझ्या जोडीदाराला. घोडेगावात एका दुकानाचं काम चाललं होतं तेव्हाचं आठवतं? माझं आणि किसनचं चहावरून वाजलं होतं, दोघं तोंड फुगवून. तू विटांचं बघायला भट्टीवर गेलास. मला वाटलं सिमेंट त्यानं टाकलं, त्याला वाटलं मी टाकलं. नुसत्या वाळूत थर लावले आम्ही. तू आलास, बोटानं विटांमधली दरज टोकरलीस, भुसाभुसा गळायला लागली. मला वाटलं आता शिव्या. तू तर विटांच्या ढिगावर बसून हसायलाच लागलास. "दोघांनी येकमेकाला नुसतं इच्यारलं असतं तर?" मी म्हणाले, "शहाण्या, तू येकालाच सगळं सांगितलं असतंस तर?" ते भांडण तसंच राहिलंय बघ. मी अजून म्हणते, चूक तुझी होती. सगळे थर उतरवून परत लावले आपण, दिवेलागण होईपर्यंत.

घर झालं. मंदा लग्न होऊन आली, भाचा झाला, शिकला, चाकणला कंपनीत लागला. मी पडवीतच राहिले. तू म्हणायचास आत झोप, मंदा म्हणायची आक्का आत या, मी म्हणायचे मला वारा लागतो. वारा कसला डोंबलाचा. दुसऱ्याच्या संसारात आपली वळकटी पसरायची नाही, एवढंच माझं होतं. पडवीच्या कोपऱ्यात माझा स्टो, माझं पातेलं, माझा डबा. मंदाशी भांडण नव्हतं, तुला माहीत आहे. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान बोलणं तरी झालं असतं. ती तिच्या जागी, मी माझ्या जागी, आणि मधे तू, इकडचं तिकडं सांगणारा. तेही अर्धंच.

मग बिबट्याचं सुरू झालं. जुन्नराकडून ऐकायला यायचं आधी, उसातून निघाला, इथं दिसला, तिथं दिसला. आपण म्हणायचो, लांब आहे. मग एका सकाळी शेजारच्यांचं कुत्रं नव्हतं, नुसती साखळी होती. पडवीपासून हाकेच्या अंतरावर. तू ती साखळी हातात घेऊन माझ्यासमोर आलास. "आता बी वारा लागतो का तुला?"

त्याच दिवशी तू ठरवलंस. घराच्या मावळतीच्या भिंतीला लागून माझी खोली काढायची. आणि त्याच दिवशी आपलं जे जुंपलं, ते शेवटपर्यंत.

मी म्हणाले, खोली काढ, पण सुटी काढ. चारी भिंती माझ्या. मधे हातभर बोळ राहू दे. तू म्हणालास, "येडी का काय! चौथी भिंत उभीच हाय, तीन बांधायच्या. विटा काय झाडाला लागत्यात?" मी म्हणाले, उद्या कुणी म्हणायला नको, आमच्या भिंतीवर टेकली. तू म्हणालास, "कोन म्हनंल?" मी मंदाचं नाव घेतलं नाही. तुला कळलं ते. तू थापी आपटलीस आणि म्हणालास, "त्या भितीच्या विटा कुनी वाहिल्या? मी? का मंदीच्या बापानं?" ह्यावर मी जास्तच ओरडले.

ओरडून काय उपयोग? पाया तू त्याच सालात घातलास. जोतं केलंस आणि थांबलास. मी रोज विचारायचे, भिंती कधी? तू म्हणायचास, "जुन्या घराचा पाया बसून म्हातारा झालाय. नवा अजून बसायचाय. लगेच जोडलं की नवं खाली बसतं अन् सांध्यात चीर जाती. येक पावसाळा खाऊ दे त्याला." नव्या जोत्यानं पावसाळा खाल्ला. माझ्या जोत्यावर मंदानं शेंगा वाळत घातल्या, मी रागानं बघत बसायचे. दिवाळी गेली. थंडी सरायला आली तेव्हा एका सकाळी तू छन्नी-हातोडा घेऊन मावळतीच्या भिंतीपाशी गेलास.

ते दिवस मला परत दे रे, बाकी काही नको. तू पेठेच्या कामावरून सुट्टी काढलीस. आधी सगळा गिलावा उतरवला. तू मारायचास, मी ढलप्या गोळा करायचे. आत आपली जुनी वीट निघाली, लालभडक, जशीच्या तशी. तू बोटाच्या गाठीनं एक एक वीट वाजवून बघितलीस. जी खणखणीत वाजली ती ठेवली, जी बद्द वाजली ती काढून दुसरी घातली. मग जिथं माझ्या खोलीच्या भिंती येऊन मिळणार तिथं, दोन्ही टोकांना, जोत्यापासून वरपर्यंत दाते काढलेस. एक थर तसाच, त्याच्या वरच्या थरातली वीट अर्धी कोरून काढलेली, परत एक थर तसाच. त्या खाचांत नव्या भिंतीची वीट शिरणार आणि जुनी-नवी एकमेकीला धरणार. छन्नी हळू मारायचास. म्हणायचास, जोरात मारली की शेजारची वीट पण हलते, आणि हलली की ती परत कधीच धरत नाही. खाचेतली सगळी जुनी माती-चुरा तारेच्या ब्रशनं काढायला मला लावलंस. नाकातोंडात धूळ, मी खोकत होते, तू हसत होतास. "अजून सुटी खोली पायजे का?" मी म्हणाले, "हो, पायजे." तू म्हणालास, "मंग खोक."

शेवटी पाणी. "जुनी वीट तहानलेली असती आक्का," तू म्हणालास. "कोरड्या खाचंत नवा माल भरला का ती मालातलं पानी वढून घेती. मालाची माती व्हती मंग. तिला आधी पाजायचं, पोटभर." मी विचारलं, पोट भरलं हे कळणार कसं? तू गाडीला किक मारत होतास. म्हणालास, "मी सांगस्तवर पाणी मारत ऱ्हा." आणि पेठेचं राहिलेलं काम उरकायला गेलास. संध्याकाळी येताना भाजी आण म्हणून मी ओरडले, तू हात हलवलास. भाजी म्हणून की पाणी म्हणून, कळलं नाही.

मग जीप आली.

त्या रात्रीचं, त्या दिवसांचं मी काही लिहीत नाही. सुतकात जेवण भावकीतून येत होतं, घरात चूल नव्हती. ओटीवर आणि पडवीत माणसं. मंदा एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. आणि सकाळ-सांज मी उठून हंडा घ्यायचे. कुणीतरी म्हणालं, अगं आता कशाला? मी म्हणाले, त्यानं सांगितलंय.

दहाव्याला नदीवर गेलो. दत्तू, तुला खरं सांगू का, माझा सगळा भरवसा त्या कावळ्यावर होता. मनात मी सगळं ठरवून ठेवलं होतं. पिंड ठेवतील, कावळा शिवणार नाही, तू अडून बसशील. मग एक एक जण हात जोडून पुढं येईल. कुणी म्हणेल पोराचं लग्न करून देऊ, कुणी म्हणेल मंदाला सांभाळू. तरी तू यायचा नाहीस. मग माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील, आणि कुणीतरी म्हणेल, अरे, त्याच्या बहिणीची खोली राहिलीय. मंदा पुढं येईल आणि सगळ्या गावासमोर म्हणेल, आक्काची खोली पुरी करते. मग तू येशील. एवढं सरळ होतं सगळं. मी पदर घट्ट धरून उभी होते.

आणि तू काय केलंस? पिंड ठेवून भटजी मागं सरकले नाहीत तोवर कावळा आला आणि चोच मारून गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. "लई समाधानानं गेला बघा," कुणीतरी म्हणालं. "काय बी राह्यलं नव्हतं त्याचं." माणसं धोतरं झटकत उठलीसुद्धा. मी तिथंच उभी. मला इतका राग आला, की नदीत उडी टाकून तुला हुडकून काढून दोन थोबाडीत द्याव्या. काही राहिलं नव्हतं तुझं? अरे मेल्या, माझी खोली राहिली होती! उघड्यावर दाते काढलेली भिंत राहिली होती! मी नव्हते का राहिले?

परत आल्यावर टेम्पोतून उतरल्या उतरल्या हंडा उचलला.

तेराव्याला मंदाचा भाऊ आला, पोपट, बेल्ह्याचा. बैलबाजारात व्यापार करतो, माणूस वाईट नाही, पण बोलताना सगळं बाजारात उभं राहिल्यासारखं बोलतो. जेवणं झाल्यावर तो भिंतीपुढं उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. "भिताड असं उघडं ठिवणं बरं न्हाई," म्हणाला. "पावसाळ्यात पानी मुरंल आत. खाचा बुजवून गिलावा मारून टाका. सिमेंट मी धाडतो." भाचा मान खाली घालून म्हणाला, "आई म्हणंल तसं." आणि मंदा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आत निघून गेली. भाचा दुसऱ्या दिवशी चाकणला गेला, कंपनी किती दिवस सोडणार?

इथवर लिहून ठेवलं होतं, पुढचं आज लिहितेय. घरात मंदा एकटी, पडवीत मी एकटी. सुतक फिटलं, तिची चूल आत पेटली, माझा स्टो बाहेर. ती ताटली झाकून पडवीच्या उंबऱ्यावर ठेवायची, मी धुऊन तिथंच ठेवायचे. तू असतास तर इकडचं तिकडं झालं असतं. आता सांगणार कोण? मी काही विचारायला जाणार नव्हते. माझी खोली कधी करणार, असं मी तिला विचारायचं? जिचं कपाळ नुकतं पांढरं झालंय तिला? आणि तिनं नाही म्हणून सांगितलं असतं तर? न विचारता निदान पाणी तरी मारता येत होतं. मला भीती वाटत होती दत्तू, सरळच सांगते. ह्या वयात दुसऱ्यांदा पेटी उचलायची आली तर कुठल्या स्टँडवर उतरायचं, हे डोक्यात फिरत राहायचं.

मग सिमेंट आलं. बेल्ह्याहून टेम्पो आला आणि पोत्यांची थप्पी पडवीत लागली, माझ्या वळकटीला खेटून. आणि काल सकाळी किसन आला. तुझा जोडीदार, तुझ्याच पिशवीतून तुझीच थापी घेऊन. मी भिंतीपाशी हंडा घेऊन उभी होते. तो माझ्याकडे बघेना. "आक्का, जरा बाजूला व्हता का," म्हणाला, आणि खाचेत हात घालून बघायला लागला.

माझं डोकंच फिरलं. हंडा तिथंच आपटला. ज्या उंबऱ्याच्या आत तू गेल्यापासून मी पाऊल टाकलं नव्हतं, तो ओलांडून तरातरा स्वैपाकघरात गेले. तोंडात सगळं तयार होतं. बुजवायची असेल तर माझ्यासमोर बुजव, माझ्या भावाच्या हातचं काम आहे, विटा मी वाहिल्यात, असं बरंच काही. मंदा चुलीपुढं होती. मी तोंड उघडलं आणि भिंतीकडे बघितलं.

मांडणी नव्हती जागेवर. तुला माहीत आहे, ती पितळेच्या डब्यांची मांडणी, लग्नात आणलेली, ती त्या भिंतीवर होती. आता डबे खाली जमिनीवर, रांगेनं, पलीकडच्या भिंतीला टेकवून. आणि ती भिंत वरपासून खालपर्यंत काळीशार ओली. रंगाचे पोपडे सुटलेले. दोन्ही कोपऱ्यात, जिथं पलीकडून तू दाते काढलेस, तिथं तर हात लावला की पाणी लागत होतं. माझं पाणी. माझ्या हंड्यांनी तिचं स्वैपाकघर भिजवलं होतं आणि तिनं चकार शब्द काढला नव्हता.

"अगं मंदे," मी म्हणाले, "हे कधीपासनं? मला सांगायचं नाय व्हय?"

"कसं सांगू?" ती म्हणाली. चुलीतली लाकडं सारत होती, वर बघत नव्हती. "तुमी म्हनला असता, भितीचा रंग गेला म्हून मला आत बोलावली. अन् त्यांनी सांगितलंवतं, आक्काला मधीच थांबवू नको."

"त्यानं तुला सांगितलं?"

"पेठंला गेले त्या सकाळी. म्हनले, मंदे, आतल्या अंगानं वल दिसस्तवर आक्का पानी मारंल. तू आतनं बघत जा. पुरी वल आली का तिला सांग, पोट भरलं भितीचं. मंग येक दीस सुकू द्या वरचं पानी, अन् वीट चढवा."

मी खालीच बसले, त्या डब्यांच्या रांगेपाशी. मला सांगितलंस पाणी मार. कधी थांबायचं ते तिला सांगितलंस. अर्धं मला, अर्धं तिला. आणि आम्ही दोघी तोंडं शिवून, एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना! मी बाहेरून मारतेय, ती आतून बघतेय.

"अगं पण वल आली तवा सांगायचं तरी!"

"तुमी आत याल म्हून थांबले." आता तिनं वर बघितलं. डोळे सुजलेले होते, धुरानं की कशानं. "रोज वाटायचं, आज येतील. पहाटं डोळा उघडतो आक्का, घर खायला उठतं. मंग भितीतनं तुमच्या पान्याचा आवाज यायचा. तांब्या लागायचा इटंला. बरं वाटायचं. थांबा म्हनलं असतं तर तो बी आवाज गेला असता."

मी रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडले, आवाज काढून. ती पण आली, शेजारी बसली. भाकरी करपली तव्यावर, वास सुटला, कुणी उठलं नाही.

मग मी डोळे पुसले आणि म्हणाले, "बाहेर किसन आलाय. तुझ्या भावाचं सिमेंट घेऊन बुजवायला."

"किसनभाऊंना म्या बोलावलंय," मंदा म्हणाली. "बुजवायला न्हाई, बांधायला. पोपटनं सिमेंट गिलाव्यासाठी धाडलं आसंल. सिमेंटाला काय ठाऊक, आपन कशासाठी आलोय?" आणि नाक पुसता पुसता ती हसली. दत्तू, ही बाई विनोद करते हे तू मला कधी सांगितलं नाहीस. हेही अर्धंच ठेवलंस.

मी तिला विचारलं. विचारायचंच होतं. "मंदे, खोली सुटी असती तर तुला बरं वाटलं असतं का? मधे बोळ ठिवून?" ती म्हणाली, "बोळात साप शिरत्यात आक्का." एवढंच. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीला घाबरून पडवीत कुडकुडत होते, तिला तिनं हे उत्तर दिलं आणि करपलेली भाकरी उचलून म्हशीला टाकायला गेली.

कालचा दिवस वरचं पाणी सुकू दिलं. मी हंड्याला हात लावला नाही. हात नुसते वळवळत होते. मंदा म्हणाली, शेंगा फोडा, तर शेंगा फोडत बसले तिच्या शेजारी, आत. आज सकाळी किसननं खाचांना सिमेंटचा रबडा लावला, माल कालवला. वाळू किती ते त्यानं मला विचारलं, सिमेंट किती ते स्वतः घातलं, आणि दोघांनी एकमेकांना मोठ्यानं सांगून घेतलं. मग पहिली वीट. रीत आहे म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली. मी मंदाला हाक मारली. ती म्हणाली, तुमची खोली, तुमी ठेवा. मी म्हणाले, भिंत तुझी आहे, हात लाव गपचूप. दोघींनी मिळून ती वीट खाचेत सारली. तू कोरलेली खाच होती, वीट अशी बसली, की किसनला थापीच्या मुठीनं नुसतं दोनदा ठोकावं लागलं. "बघा," तो म्हणाला, "जाताना सगळं करून गेलाय." आणि तोंड फिरवून उगीचच ओळंबा शोधायला लागला.

तेव्हा मला तो कावळा आठवला. शिवला तो बरोबरच शिवला म्हणायचं. तुझं काम तू पुरं केलं होतंस, राहिलं होतं ते आम्हा दोघींचं. पण हे तू खरंच मुद्दाम केलंस का रे? की गाडीला किक मारता मारता नेहमीसारखं अर्धं इथं, अर्धं तिथं सांगून गेलास आणि आमचं आपोआप जुळलं? चुंबळीचं आणि पळालेल्या बिगाऱ्याचं कळलं नाही, तसं हेही आता कळायचं नाही. मुद्दाम केलं असशील तर लई उपकार झाले. नसेल केलं तरी झाले. आणि वाळू-सिमेंटाच्या भांडणात चूक तुझीच होती, ते मी सोडणार नाही.

कंबरेएवढी भिंत झालीय. जुन्या विटेत नवी वीट शिरलीय दोन्ही टोकांना, दुरून बघितलं तर रंगावरून कळतं, हात फिरवला तर कळत नाही. स्टो मंदानं उचलून आत नेला, मला न विचारता. मी भांडले. तिनं ऐकलं नाही.

मघाशी दिवेलागणीला सवयीनं उठले, हंडा बघायला गेले तर हंडा जागेवर नव्हता. बाहेर तांब्या विटेला लागल्याचा आवाज येत होता. तुझ्या बायकोनं पाणी मारायला घेतलं होतं.